यंत्रबुद्धी आणि हमालाची पाठ



आजचा विषय वैद्यकाचा आणि बोलणारा मजूर संघटनेतला, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या मनमाडात रेल्वेच्या पुलांचे गर्डर घडविणारा कारखाना आहे, अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत. पन्नास किलोचे पोते उचलणाऱ्याची कंबर धरली की त्याच्या घरची चूल थंडावते. तेव्हा फिजिओथेरपी हा विषय आमचाच आहे.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी नाही. १९५२-५३ च्या सुमारास, पोलिओच्या साथीमुळे, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तिचे विद्यालय निघाले. हाताने आणि व्यायामाने अधू अंग चालते करावयाचे, ही तिची रीत. सत्तर वर्षांनी त्या हाताशेजारी कृत्रिम बुद्धिमत्ता येऊन बसली आहे. फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहावे. गुडघा किती अंश वाकला हे यंत्र मोजते, चुकले तर सांगते, उद्याचा व्यायाम ठरविते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत २०२४ च्या सुमारास पाठदुखीवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने उपचार सुरू झाले.

यंत्राला शिव्या देणारा मी नव्हे. दर आठवड्याला रोज बुडवून नाशिकला जाणे ज्याला परवडत नाही, त्याला घरच्या घरी असा सोबती मिळाला तर तो हवाच. तज्ज्ञाचाही मोजण्यालिहिण्याचा वेळ वाचेल.

पण यंत्र विचारते, "दुखणे दहांपैकी किती?" ज्याची मजुरी पोत्यावर आहे तो सांगतो, "दोन." कारण उद्या कामावर जायचे असते. यंत्र दोन लिहून घेते. अनुभवी तज्ज्ञ मात्र कमरेला हात लावतो, चप्पल काढताना माणूस कसा वाकतो ते पाहतो, आणि म्हणतो, "बाबा, खरे सांगा." कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, तर रोग्याला तातडीने इस्पितळात नेले पाहिजे. हा प्रश्न यंत्रही विचारील; पण लाजेने दिलेले 'नाही' ओळखणार कोण?

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, मोजणी यंत्राने खुशाल करावी, पण उपचाराची जबाबदारी नोंदणीकृत तज्ज्ञाची असावी. यंत्र आले म्हणून त्याची जागा रद्द होता कामा नये. दुसरी, मजुराच्या शरीराची नोंद त्याच्या संमतीवाचून मालकाच्या कचेरीत जाऊ नये. नाहीतर जे यंत्र पाठ बरी करायला आले, तेच कामावरून कमी करण्याची यादी तयार करील. तिसरी सर्वांत मोठी. व्यायाम शिकविला म्हणून ओझे हलके होत नाही. प्रौढ पुरुषाने ५५ किलोहून अधिक ओझे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. ती वरची मर्यादा आहे, दिवसभराचे माप नव्हे. दिवसाकाठी किती पोती, मध्ये विसावा किती, हे यंत्र ठरविणार नाही. ते करारात लिहून घ्यावे लागते.

१९६९ चा माथाडी कायदा हमालांनी एकजुटीने मिळविला. यंत्रबुद्धी आपल्या पाठीशी उभी राहणार की पाठीवर बसणार, याचाही निकाल त्याच एकजुटीने लागेल.