टॅब्लेट किती इंची घ्यावा?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना आश्चर्य वाटलें असेल. ज्याचें सारें आयुष्य खडू-फळ्याच्या सहवासांत गेलें आणि जो मॅट्रिकच्या पुढें शिकला नाहीं, त्या शिक्षकानें टॅब्लेटसारख्या यंत्राविषयीं काय म्हणून बोलावें? ह्यावर माझें उत्तर इतकेंच कीं, त्या यंत्राच्या पोटांत काय चालतें तें मला सांगतां येणार नाहीं. परंतु त्याचा आकार हा भूमितीचा विषय आहे, आणि भूमिति मीं पुष्कळ वर्षें शिकविली आहे. शिवाय आकार निवडण्यांत माझी एकदां चूक झाली, व तिची झळ माझ्यापेक्षां दुसऱ्यालाच अधिक लागली. ती हकीकत आधीं सांगतों.

सेवानिवृत्त झाल्यावर मी मुलाकडे पुण्यास राहावयास आलों. परंतु ज्या गांवीं नोकरी झाली, तेथील दहावीच्या सहा-सात मुलांना आठवड्यांतून तीन दिवस सायंकाळीं गणित शिकविण्याचा क्रम मीं लॅपटॉपच्या साहाय्यानें चालूं ठेवला. पुढें लॅपटॉप जुना झाला. त्याची बॅटरी अर्ध्या तासांत मान टाकूं लागली. मी एका दुकानीं चौकशीस गेलों. दुकानदारानें ८ इंची टॅब्लेट माझ्या हातांत ठेवला व म्हटलें, "काका, लॅपटॉपवर जे होतं ते सगळं ह्यावर होतं, आणि ओझं मुळीच नाही." त्याचें बोलणें खोटें नव्हतें. सगळें होतें हें खरें. पण सगळें एकाच वेळीं दिसतें काय, हें मीं विचारलें नाहीं.

वर्ग सुरूं झाल्यावर अडचण कळूं लागली. पडद्यावर उदाहरण मांडलें कीं मुलांचे चेहरे नाहींसे होत. चेहरे आणावे तर उदाहरण दिसेना. एक मुलगी प्रमेयाची दुसरी पायरी न समजल्यामुळें हात वर करून बसली होती. माझ्या पडद्यावर ती नव्हतीच. पुढच्या वर्गालाहि तोच प्रकार घडला. त्यानंतर ती येईनाशी झाली. मीं तिच्या वडिलांना फोन केला, तेव्हां ते संकोचून म्हणाले, "गुर्जी, तुमी तिच्याकडं बघतच न्हाई, असं म्हंतीया ती. आपल्याला गणित येनार न्हाई म्हनून गुर्जींनी सोडून दिलं, असं तिनं मनाशी घेतलंय."

साऱ्या नोकरींत असा ठपका माझ्यावर कोणीं ठेवला नव्हता. त्या रात्रीं मीं पट्टी, पेन्सिल व पुठ्ठा घेऊन जो हिशेब आधीं करावयास हवा होता, तो मांडला.

पहिली गोष्ट ही कीं, टॅब्लेटचे इंच हे लांबीचे किंवा रुंदीचे नसून पडद्याच्या कर्णाचे असतात. ज्याच्या बाजूंचें प्रमाण ४ : ३ आहे असा १० इंची पडदा घ्या. पायथागोरसाच्या सिद्धान्तानें त्याच्या बाजू ८ व ६ इंच येतात. क्षेत्रफळ ४८ चौरस इंच. त्याच प्रमाणाच्या १३ इंची पडद्याचें क्षेत्रफळ ८१ चौरस इंच भरतें, आणि ८ इंची पडद्याचें अवघें ३१. कर्ण ३ इंचांनीं वाढला, पण काम करण्याची जागा दीडपटीहून अधिक वाढली. दुकानांत आपण इंच ऐकतों. घरीं आल्यावर आपणांस चौरस इंचांत वावरावें लागतें.

दुसरी गोष्ट बाजूंच्या प्रमाणाची. १० इंची पडदा जर १६ : ९ ह्या लांबट प्रमाणाचा असेल, तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें ४३ चौरस इंचच भरतें. असा पडदा चित्रपटास सोयीचा, परंतु लिहिण्या-वाचण्यास उंचीनें अपुरा. त्यांतहि पडद्यावर उमटणारा कीबोर्ड वापरला, तर आडव्या धरलेल्या टॅब्लेटचा जवळजवळ निम्मा भाग तोच व्यापून टाकतो.

हीं यंत्रें करणाऱ्या कंपन्यांचा अनुभवहि हेंच सांगतो. २०१० सालीं ॲपलचा पहिला आयपॅड आला, तो ९.७ इंची होता. कोचावर बसून वाचावें-पाहावें, हा त्याचा मुख्य उपयोग. २०१३ चा मायक्रोसॉफ्टचा पहिला सरफेस प्रो १०.६ इंची व लांबट होता. परंतु पुढच्याच वर्षीं, लॅपटॉपची जागा घेणारा टॅब्लेट म्हणून जेव्हां त्या कंपनीनें सरफेस प्रो ३ पुढें आणला, तेव्हां त्याचा पडदा १२ इंची व प्रमाण ३ : २ असें केलें. २०१५ सालीं ॲपलनें १२.९ इंची आयपॅड प्रो काढला, आणि २०२२ सालीं सॅमसंगचा एक टॅब्लेट १४.६ इंचांपर्यंत गेला. लॅपटॉपचें काम टॅब्लेटकडून करून घ्यावयाचें म्हटलें, कीं पडदा वाढवावा लागतो, असें ह्यावरून दिसतें.

आतां डोळ्यांचा विचार करूं. आपला नेहमींचा ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याचें संबंध पान ४ : ३ प्रमाणाच्या १३ इंची पडद्यावर जवळजवळ नऊ-दशांश आकारांत दिसतें, ११ इंचीवर पाऊणपट, आणि ८ इंचीवर निम्म्याहून किंचित अधिक. म्हणजे कागदावरील १२ पॉइंटचें अक्षर अनुक्रमें साडेदहा, नऊ व साडेसहा पॉइंटांचें होतें. इंग्रजी अक्षर एवढें बारीक कसेंबसें वाचतां येईल. परंतु आपल्या देवनागरींत वर मात्रा-वेलांट्या, खालीं उकार आणि मध्यें जोडाक्षरें. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसानें साडेसहा पॉइंटांत प्रश्नपत्रिका तपासणें म्हणजे डोळ्यांना शिक्षाच होय.

हातांचाहि विचार करावयास हवा. लॅपटॉपच्या पूर्ण मापाच्या कीबोर्डांत एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सुमारें १९ मिलिमीटर अंतर असतें, आणि अशा सुमारें पंधरा कळांची रुंदी एका ओळींत लागते; म्हणजे २८५ मिलिमीटर. १३ इंची टॅब्लेटची लांब बाजू साधारण तेवढीच असल्यामुळें त्याला जोडावयाचा कीबोर्ड पूर्ण मापाचा करतां येतो. ११ इंचीची बाजू २५० मिलिमीटरांच्या आसपास. तेथें कुठें तरी कसर करावी लागते, आणि ती बहुधा उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळांत करतात. इंग्रजी लिहिणाऱ्यास तें फारसें जाणवत नाहीं. परंतु मराठी लिहिण्याची जी इनस्क्रिप्ट पद्धति आहे, तींत त्याच कडेला ड, च आणि ट हीं अक्षरें आहेत! पुष्कळ मराठी लिहिणाऱ्यानें तो कीबोर्ड स्वतःच्या बोटांनीं चालवून पाहिल्याशिवाय घेऊं नये.

मग सर्वांनीं मोठाच टॅब्लेट घ्यावा काय? तसें मी म्हणणार नाहीं. ८ इंची टॅब्लेटचें वजन सुमारें ३०० ग्रॅम, ११ इंचीचें साडेचारशे ते पांचशे, १३ इंचीचें सहाशेच्या आसपास, आणि त्या १४.६ इंचीचें सातशेंहून अधिक. कीबोर्ड जोडला कीं मोठ्या टॅब्लेटचें ओझें एक किलोच्याहि पुढें जातें. हलका लॅपटॉप सव्वा किलोचा मिळतो. किंमतीचेंहि तसेंच. टॅब्लेट, कीबोर्ड व लेखणी ह्यांची बेरीज कागदावर मांडल्यावर ती चांगल्या लॅपटॉपएवढी झाली, तर लॅपटॉपच घेण्यांत कमीपणा मानूं नये. हिशेबाचे मोठे तक्ते करणाऱ्यास, अथवा ज्याच्या कचेरीचा विशिष्ट प्रोग्राम टॅब्लेटवर चालतच नाहीं त्यास, आकार कितीहि वाढवून उपयोग नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी आहे. खरेदीपूर्वीं आठवडाभर एका वहींत टिपून ठेवावें कीं, लॅपटॉप कशासाठीं उघडला, आणि त्या वेळीं तो टेबलावर होता कीं मांडीवर. तसेंच एका वेळीं एकच वस्तु पाहावयाची होती कीं दोन. नंतर ज्या पडद्यांचा विचार असेल, त्यांच्या मापांचे पुठ्ठे कापावे. पुठ्ठ्यावर मधोमध रेघ ओढून दोन भाग करावे, आणि आपल्या दोन्ही वस्तु त्यांत मावतात काय तें पाहावें. एकच वस्तु पाहावयाची व तीहि हातांत धरून, तर ८ इंच पुरे. प्रवासांत पत्रें लिहावयाचीं आणि अधूनमधून वाचन, तर ११ इंच बरे. दोन वस्तु शेजारीं ठेवून रोज तास-दोन तास टेबलावर काम असेल, तर १३ इंचांच्या खालीं उतरूं नये. घरीं मोठा मॉनिटर असेल, तर जो टॅब्लेट त्याला जोडतां येतो असा ११ इंचीहि चालेल. मात्र जोडतां येतो कीं नाहीं, हें आधीं विचारावें.

माझ्या वहींत नऊ वेळां "टेबल" व नऊहि वेळां "दोन वस्तु" असें निघालें. मीं १३ इंची टॅब्लेट घेतला. दोनदां खर्च झाला, हा माझ्या उतावळेपणाचा दंड. पहिला टॅब्लेट आमच्या सौभाग्यवतींनीं मागून घेतला. दुपारीं पडल्या पडल्या त्या त्यावर मासिकें वाचतात, आणि ह्याहून सोयीची वस्तु घरांत दुसरी नाहीं असें त्यांचें मत आहे.

त्या मुलीस मीं स्वतः फोन करून चूक माझी होती हें सांगितलें. ती पुन्हां येऊं लागली आहे. भूमिति तिला अजून जड जाते. पण आतां पडद्याच्या डाव्या अंगास प्रमेय असतें आणि उजव्या अंगास सातहि चेहरे. परवां तिनें एका वर्गांत तीन वेळां हात वर केला, आणि तिन्ही वेळां तो मला दिसला.