पांढरीच्या पोटातील इतिहास

(जुनी नाणी व पुराणवस्तू जमविण्याचा छंद असलेल्या बीड जिल्ह्यातील तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठवाड्यातील प्रत्येक जुन्या गावाला काळी आणि पांढरी असे दोन भाग असतात. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शतकानुशतके माणसांनी जेथे घरे बांधली, चुली पेटविल्या, पडलेल्या भिंतींवर पुन्हा भिंती उभारल्या, तेथील माती राखेने आणि चुन्याने पांढुरकी झाली. पहिला मोठा पाऊस पडून गेला की या मातीचा थर वाहून जातो आणि खापरे, मणी, क्वचित हिरवे पडलेले एखादे तांब्याचे नाणे उघडे पडते. नाणेसंग्रहाच्या छंदाचा आरंभ बहुधा अशाच एखाद्या पावसाळ्यात होतो.

आता या छंदाच्या हाती यंत्र आले आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत गेऱ्हार्ड फिशर यांना ज्या धातुशोधक यंत्राचे पेटंट मिळाले, त्याचीच सुधारलेली रूपे आज बाजारात सहज मिळतात. यंत्राच्या टोकाशी असलेल्या वेटोळ्यातून विद्युत-चुंबकीय क्षेत्र निर्माण होते; त्या क्षेत्रात धातू आला की त्यात सूक्ष्म प्रवाह उमटतात आणि यंत्र आवाज देते. नाण्याएवढी वस्तू साधारणपणे वीतभर खोलीवर सापडू शकते. परंतु या यंत्राला खापर ऐकू येत नाही, राखेचा थर दिसत नाही, भिंतीचा पाया समजत नाही. त्याला केवळ धातू कळतो. यंत्राची ही मर्यादा छंदिष्टाची मर्यादा होऊ नये, एवढेच आज मांडावयाचे आहे.

जोगळटेंभीची साक्ष

संग्राहक विचारतो, 'नाणे कोणाचे?' इतिहास त्यापुढे आणखी तीन प्रश्न विचारतो: ते कोठे मिळाले, किती खोलीवर मिळाले आणि कशासोबत मिळाले? या प्रश्नांचे मोल जाणण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचे उदाहरण पुरेसे आहे. १९०६ मध्ये तेथे क्षहरात क्षत्रप नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे कोरून ठेविले आहे. मातेच्या त्या अभिमानाला या साठ्याने पुरावा दिला. परकीय सत्तेचे चलन हाती घेऊन त्यावर स्वदेशी राजाने आपली मुद्रा उमटविली, हे महाराष्ट्राच्या भूमीने स्वतः सांगितले.

हा साठा एकेक नाणे करून सराफाच्या मुशीत गेला असता तर? दोन-चार नाणी कोणाच्या तरी पेटीत उरली असती. पण एकूण किती, त्यांतील पुन्हा ठोकलेली किती, हे प्रमाण कायमचे नाहीसे झाले असते. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे मिळालेल्या सुमारे १,६०० सातवाहन नाण्यांचा अभ्यास महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केला, तेव्हा पुराणांच्या वंशावळीत नसलेल्या राजांची नावे उजेडात आली. साठा एकत्र राहिला, म्हणूनच हे साधले.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शेजारच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल बांधवाला झाडाचे मूळ खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार कांस्यशिल्पे मिळाली. चारींचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. ती वितळविली गेली नाहीत, हे देशाचे भाग्य. परंतु ती शास्त्रीय उत्खननातील थरात मिळाली नसल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. वस्तू वाचली, तरी तिची जागा नोंदली गेली नाही की तिचा जन्मकाळ सांगणे असे अवघड होऊन बसते.

राक्षसभुवनचे रण

बीड जिल्ह्याची भूमी या दृष्टीने सामान्य नाही. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. एका बाजूस प्रतिष्ठान म्हणजे पैठण, दुसऱ्या बाजूस तगर म्हणजे तेर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथाने पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेली ती बाजारपेठ. या दोन नगरांमधील मुलूख म्हणजेच आजचा बीड परिसर. अंबाजोगाई हे यादवकाळातील वैभवशाली नगर. तेथील सकळेश्वर अर्थात बाराखांबी मंदिराच्या परिसरात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने २०२४ मध्ये केलेल्या उत्खननात आणखी दोन मंदिरांचे तळखडे उघडे झाले.

आणि गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन! १० ऑगस्ट १७६३ रोजी अवघ्या अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी येथे निजामाच्या सैन्याचा निर्णायक पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. पानिपतच्या आघातानंतर अडीच वर्षांतच मराठी सत्ता पुन्हा ताठ उभी राहिल्याचे हे स्थळ आहे.

अशा रणभूमीत धातुशोधक यंत्र काय करू शकते, हे अमेरिकेने दाखविले आहे. लिटल बिगहॉर्न येथील १८७६ च्या लढाईचे मैदान १९८३ च्या वणव्यात मोकळे झाले. पुढील वर्षी पुरातत्त्वज्ञांनी छंदिष्ट स्वयंसेवकांना त्यांच्या यंत्रांसह सोबत घेतले. यंत्र वाजले की तेथे झेंडी रोवायची, जागा नकाशावर मांडायची आणि मगच वस्तू उचलायची, अशी शिस्त होती. गोळ्या आणि काडतुसे यांच्या जागांवरून कोणती तुकडी कोठून कोठे सरकली, हे उलगडले. तेच यंत्र, तोच छंद. परंतु अभ्यासकाच्या शिस्तीखाली आला आणि संशोधन झाला. राक्षसभुवनच्या शिवारातून मात्र कोणी शिशाची गोळी उचलून आठवडी बाजारात विकली, तर त्या गोळीबरोबर मराठ्यांच्या विजयाच्या नकाशावरील एक बिंदू कायमचा पुसला जातो.

कायदा काय सांगतो

संरक्षित स्मारकांच्या व स्थळांच्या हद्दीत परवान्यावाचून खणणे १९५८ च्या कायद्याने निषिद्ध आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जमिनीत सापडल्यास त्याचे स्वरूप, जागा आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. लपविणाऱ्याचा वाटा बुडतो आणि एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. कळविणाऱ्याला मात्र, ठेवा बेवारस ठरल्यास आणि निराळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश वाटा मिळतो, उरलेला जमीनमालकाला. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची खाजगी निर्यात बंद केली.

तरीही एक शल्य उरते. १८७८ च्या कायद्यानुसार सरकारने ठेवा संपादन केल्यास धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश एवढेच मिळते. परकीय राज्यकर्त्यांनी आमच्या वारशाला मोडीचा भाव लावला. त्यांच्या देशात आज काय चालते? १९९२ मध्ये हॉक्सने या गावी शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना एका छंदिष्टाला रोमन नाणी लागली. त्याने खणणे थांबविले आणि कळविले. पुरातत्त्वज्ञांनी सुमारे १५,००० नाणी, सोन्याचे दागिने आणि ज्या पेटीत ती ठेविली होती तिच्या खुणाही जशाच्या तशा टिपल्या. शोधकाला साडेसतरा लाख पौंड मिळाले. १९९७ पासून तेथे लहानसहान सापडींची नोंद ठेवणारी योजनाही चालू झाली. स्वतंत्र भारताने वसाहतकालीन मोडीचा भाव सोडून न्याय्य पारितोषिक द्यावे आणि तालुक्याच्या ठिकाणी नोंदीची सोय करावी, ही मागणी रास्त आहे. परंतु कायदा बदलेपर्यंत लपविण्याला परवानगी मिळाली, असा तिचा अर्थ नव्हे.

गुप्तधनाच्या लोभाने मांत्रिकाला रात्री गढीवर नेणारा आणि यंत्र घेऊन जाणारा चोरटा, दोघांची जातकुळी एकच. अघोरी प्रकारांना २०१३ च्या राज्याच्या कायद्याने शिक्षा ठेविली आहे. अंधारात खणणाऱ्याला इतिहासाचा अभ्यासक म्हणता येणार नाही.

संग्राहकाचा धर्म

आदर्शासाठी दूर जावे लागत नाही. तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी. आपल्या गावच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमविल्या आणि तो हजारोंचा संग्रह समाजाच्या स्वाधीन केला. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. तेरच्या वस्तू तेरमध्येच राहिल्या, म्हणून त्या तगराविषयी बोलू शकतात. इतिहासाचार्य राजवाडे यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली. १९०९ मध्ये त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. मूळ पोथी पुढे उपलब्ध राहिली नाही, पण तिचा पाठ उरला. नोंदीचे सामर्थ्य ते हेच.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. सापडलेले नाणे चिंच व राखेने घासू नये. त्याने लकाकी येते, पण अक्षरे जातात. प्रत्येक वस्तू निराळ्या कागदी पुडीत ठेवून पुडीवर गाव, गट क्रमांक, खोली, दिनांक आणि सोबतची खापरे यांची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे. एकाहून अधिक नाणी दिसताच हात थांबवावा आणि तहसील कार्यालयास, जिल्हाधिकाऱ्यांस व छत्रपती संभाजीनगर येथील पुरातत्त्व कार्यालयास कळवावे. गढी, बारव, मंदिर आणि वीरगळ यांच्या आसपास यंत्र नेऊच नये.

आणखी एक. यादवांचा पद्मटंक आणि शिवरायांची शिवराई यांना कोणीही जपेल. परंतु बहामनी तांबे अथवा निजामाचा हाली सिक्का हाती आला तर तो क्षुल्लक म्हणून फेकू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या जिल्ह्याने कोणाचे जोखड वाहिले, याचा तो पुरावा आहे. विजयाचा पुरावा जपावा आणि पारतंत्र्याचाही जपावा. दोन्ही मिळूनच मुक्तीचा अर्थ पुढील पिढीस कळतो.

पांढरी ही गावाची सामाईक ठेव आहे. तिच्यातील नाणे एकाच्या पेटीत गेले तर त्याचे मोल बाजार ठरवितो. नोंदीसह समाजापुढे आले तर ते गावाच्या इतिहासाचे पान होते. येत्या पावसाळ्यात आपापल्या गावच्या पांढरीवर जाताना हाती वही आणि लेखणी असावी, एवढीच अपेक्षा.