दाणे चिमण्यांचे, पाहुणे भलतेच

आज मी बोलणार आहे ते गॅलरीत ठेवलेल्या ताटलीबद्दल. विषय एवढासा वाटेल, पण या ताटलीपायी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दोन घरांचं बोलणं वर्षभर बंद होतं. त्यातलं एक घर माझं.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. तिथं चिमण्यांना मुद्दाम कुणी खायला घालत नसे. आजी तांदूळ पाखडायची, कणी सांडायची, चिमण्या टिपायच्या. घरटं तसबिरीमागं. पुढं वाडे पडले, तुळया आणि कौलं गेली, चिमण्यांची घरंही गेली. निवृत्त झाल्यावर वाटलं, यांच्यासाठी काहीतरी करावं. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळतात. अशाच एका २० मार्चला मी कठड्याला ताटली बांधली आणि भुसार दुकानातून किलोभर बाजरी आणली.

चार दिवस चिमण्या आल्या. पाचव्या दिवशी दोन कबुतरं आली. महिन्याभरात ती पंचवीस झाली, आणि ज्यांच्यासाठी पंगत मांडली त्या चिमण्या समोरच्या तारेवर बसून बघत राहिल्या. कबुतर खातं त्याहून उधळतं जास्त. उधळलेली बाजरी खाली आवारात पडायची आणि रात्री ती खायला घुशी यायच्या. घूस ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो, मोठी घूस किलोभराची भरते. तिनं कुंपणाच्या भिंतीखाली बिळं केली, फरशी खचली.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना कोरडा खोकला सुरू झाला. पुढं जिना चढताना दम लागू लागला. त्यांचा मुलगा वर येऊन म्हणाला, "काका, तुमचं पुण्य आमच्या आईला भोवतंय." मला राग आला. मुक्या पाखरांना दाणे घालणं हा काय गुन्हा आहे, असं मी त्याला ऐकवलं. बोलणं बंद झालं ते तिथून.

नंतर कळलं, छातीच्या डॉक्टरांनी वहिनींना पहिल्या भेटीतच विचारलं होतं, "घराजवळ कबुतरं आहेत का?" कबुतराची वाळलेली विष्ठा आणि पिसांची भुकटी हवेत मिसळून श्वासावाटे आत जाते. सगळ्यांनाच त्यानं त्रास होत नाही. पण काहींच्या फुफ्फुसांना ती सोसत नाही आणि आतून सूज येते. वेळीच कबुतरांपासून दूर गेलं तर माणूस सावरतो. उशीर झाला तर फुफ्फुसात कायमचे व्रण धरतात आणि ते पुसता येत नाहीत. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला, दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला, तेव्हा यावर खूप बोललं गेलं. आमच्याकडे तेवढं शहाणपण यायला वेळ लागला. मी धरून.

सोसायटीनं आधी घुशींवर विषाच्या वड्या आणायचं ठरवलं. १८९७चा प्लेग पाहिलेल्या या शहरात उंदीर-घुशींची धास्ती असणारच. पण विष खाल्लेली घूस सुस्तावते, ती गव्हाणी घुबडाच्या तोंडी पडते आणि विष घुबडाच्याही पोटात जातं. मी विरोध केला. मग पिंजरा लावला. एक घूस सापडली, आठवड्यात त्याच बिळात दुसरी आली.

उत्तर मिळालं ते भलतीकडेच. मुलीकडे टेक्सासला गेलो होतो, तेव्हा तिच्या ओळखीच्या एका गृहस्थांचं शिकारीचं रान पाहिलं. हरणं यावीत म्हणून तिथं तीन पायांवर मक्याचं पिंप उभं करतात. खाली बॅटरीवर फिरणारी चकती असते, ती सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी मका उडवते. हरणांआधी रात्री रॅकून येतो. मांजराहून थोराड, डोळ्यांवर काळा पट्टा, हात माणसासारखे. हा पठ्ठ्या पायावरून वर चढतो आणि चकती बोटांनी फिरवून मका पाडतो! ते गृहस्थ म्हणाले, पिंजऱ्यात कितीही पकडा, मका पडतोय तोवर दुसरे येणारच. म्हणून त्यांनी पायांना गुळगुळीत पत्रा गुंडाळला होता आणि चकतीभोवती जाळीचा पिंजरा बसवला होता.

परत आल्यावर मी आधी ताटली काढून टाकली. तीन महिने एक दाणा ठेवला नाही. कबुतरं पंधरा दिवस येऊन बसली, मग पांगली. खालची सांडलवंड थांबल्यावर बिळं बुजवली, ती बुजलेलीच राहिली. त्यानंतर इमारतीपासून दूर, बागेच्या कोपऱ्यात, लोखंडी पाइपावर जाळीचा छोटा पिंजरा बसवला. जाळीची भोकं चार सेंटिमीटरची, चिमणी आत जाते, कबुतर जात नाही. पाइपाला मध्यावर पत्र्याचं उलटं नरसाळं लावलं, त्यावरून घूस चढत नाही. खाली परात, म्हणजे सांडलेलं गोळा होतं. सकाळी मूठभर बाजरी, संध्याकाळी उरलेलं उचलायचं. खार अजून शेजारच्या पेरूवरून उडी मारून आत शिरते. तिच्यापुढं मी हात टेकलेत.

खरं तर आता दाण्यांपेक्षा माझा भर दुसऱ्या गोष्टींवर आहे. चिमणीची पिल्लं सुरुवातीला दाण्यांवर वाढत नाहीत, त्यांना अळ्या-किडे लागतात. म्हणून बागेत फवारणी बंद केली, कढीलिंबावरच्या अळ्या तशाच ठेवल्या. भिंतीला सव्वा इंच भोकाची लाकडी पेटी टांगली.

वहिनींचा खोकला थांबलाय. दम मात्र पूर्वीसारखा परतला नाही, दुसऱ्या मजल्यापर्यंत त्या दोनदा थांबून चढतात. मी माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी चहा केला, त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. गेल्या महिन्यात सकाळी त्यांनीच खिडकीतून हाक मारली, "भाऊजी, पेटीत चिमणी काड्या नेतेय, बघा."