जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा म्हटले म्हणजे शहाणा गवंडी प्रथम पाया तपासतो, कळसाचा विचार मागाहून करतो. घरातला जुना संगणक खेळांसाठी पुन्हा सज्ज करू पाहणारा मनुष्य मात्र बहुधा कळसापासूनच आरंभ करतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या, दिल्लीची नेहरू प्लेस घ्या, बंगळुरूचा एस. पी. रोड घ्या की चेन्नईची रिची स्ट्रीट घ्या. दुकानापुढचे दृश्य सगळीकडे सारखेच असते. कॉलेजात जाणारा मुलगा ग्राफिक्स कार्डाच्या चकचकीत खोक्याकडे डोळे लावून उभा असतो, आणि शेजारी वडील मनातल्या मनात महिन्याचा हिशेब करीत असतात. सर्वांत बलवान भाग घेतला की काम फत्ते, अशी दोघांचीही समजूत असते. ही समजूत अनेक घरांना महागात पडते. कारण येथे पहिला प्रश्न बळाचा नसून जोडीचा आहे.

संगणकाचे भाग सुटे काढून बदलता येतात, ही सोय आपोआप झालेली नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात जादा कार्डे बसविण्यासाठी खाचा ठेवल्या आणि त्याच्या रचनेची माहितीही खुली केली. त्यामुळे इतर कारखान्यांना त्याला जुळणारे भाग करता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण ठरवून दिले. मदरबोर्डाची भोके कोठे असावीत आणि वीज कोणत्या जोडणीने यावी, हे त्यात निश्चित झाले. तथापि, भाग बदलता येतात याचा अर्थ कोणताही भाग कोठेही बसतो, असा मात्र नव्हे.

एक ठरावीक उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. २०१३ सालचा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-५ ४५७० प्रोसेसर असलेला संगणक घ्या. अशी यंत्रे कचेऱ्यांतून निवृत्त होऊन अनेक घरांत आली आहेत. या प्रोसेसरचे सॉकेट ११५० संपर्कबिंदूंचे. २०१५ साली सहाव्या पिढीबरोबर ११५१ बिंदूंचे सॉकेट आले. तेव्हा नवा प्रोसेसर या जुन्या बोर्डावर बसण्याची आशा संपली. त्याहून फसवी गोष्ट २०१७ साली घडली. आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे बिंदू पुन्हा ११५१च होते, आकारही तोच होता. परंतु त्यांची विद्युत्-मांडणी बदललेली असल्याने अधिकृतरीत्या ते आधीच्या ११५१ बोर्डांवर चालत नाहीत. तोंडवळा सारखा म्हणून गोत्र सारखे असे समजू नये, हा व्यवहारातला नियम येथेही लागू पडतो. तेव्हा आपल्या उदाहरणातील यंत्राला वर चढण्यासाठी राहते एकच पायरी: त्याच पिढीचा आय-७. त्याचेही कोअर चारच. मात्र प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामांचे धागे हाताळतो.

रॅमची गोष्टही तशीच आहे. या यंत्राला डीडीआर-३ जातीची पट्टी लागते. २०१४ पासून बाजारात आलेल्या डीडीआर-४ पट्टीची खाच वेगळ्या जागी असते आणि तिचा विद्युत्-दाबही १.५ व्होल्टऐवजी १.२ व्होल्ट असतो. जोर लावून ती बसविणे म्हणजे बोर्डाचा घात करणे होय.

याच्या उलट एक सुखद उदाहरणही आहे. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचे २०१७ सालचे अनेक बोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर २०२० नंतरचे प्रोसेसरही स्वीकारतात. अट एवढीच, की बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलावयाचा. तो आधी काढून ठेवला, तर नव्याला बोर्ड ओळखत नाही, आणि ओळख करून देणाराही कोणी उरत नाही.

आता ग्राफिक्स कार्डाकडे वळावयास हरकत नाही. ते ज्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसते, त्या खाचेचा एक मोठा गुण असा, की नवे कार्ड जुन्या खाचेत सहसा चालते. अडचण येते ती विजेची. खाचेतून फार तर ७५ वॉट मिळतात. अधिक लागल्यास पॉवर सप्लायमधून ६ पिनांची जोडणी आणखी ७५ वॉट देते, ८ पिनांची १५० वॉट. कचेरीतील यंत्रांत ही जोडणी पुष्कळदा नसतेच. काहींच्या पॉवर सप्लायची पिनरचनाही प्रमाणाला सोडून असते, त्यामुळे तो सहज बदलताही येत नाही. म्हणून खोक्यावरील मोठ्या आकड्यावर न भुलता पॉवर सप्लायच्या पट्टीवरील १२ व्होल्टची ओळ वाचावी. तेथे १८ अँपिअर लिहिले असतील, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट, एवढीच त्या ओळीची खरी ताकद. स्वस्त जोडतारा लावून हार्ड डिस्कच्या तारेतून कार्डाला वीज देण्याचा मोह आवरावा. तार तापून वितळू शकते. अशा यंत्रांना जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) किंवा जीटीएक्स १६५० (२०१९) यांचे खाचेतील विजेवरच चालणारे नमुने मानवतात. मात्र खरेदीपूर्वी पेटीची आतली लांबी-उंची टेपने मोजून घ्यावी.

नवे ते चांगले, हाही नियम येथे निरपवाद नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड केवळ ४ मार्गिका वापरते. चौथ्या आवृत्तीच्या वेगवान खाचेत ही उणीव फारशी जाणवत नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या खाचेत प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा होतो आणि ती उघडी पडते.

समजा, सर्व काही बसले. तरी बळ सारखे असावे लागते. जुवाला एकीकडे तरणा खोंड आणि दुसरीकडे म्हातारा बैल जुंपला, तर गाडी म्हाताऱ्याच्याच चालीने चालते. अडते कोठे, हे पाहण्याची रीत सोपी आहे. खेळ चालू असताना चित्राचे रेझोल्यूशन कमी करावे. दर सेकंदाच्या चित्रांची संख्या वाढली, तर ओझे ग्राफिक्स कार्डावर होते; ती होती तेवढीच राहिली, तर बहुधा प्रोसेसर थकला आहे, आणि महाग कार्ड घेऊन उपयोग नाही. शिवाय घरचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारा असेल, तर १२० चित्रे काढणाऱ्या कार्डाचे निम्मे काम डोळ्यांपर्यंत पोचतच नाही.

म्हणून आधी खेळ ठरवावा, मग भाग. २०१५ साली संगणकावर आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’साठी तिसऱ्या पिढीचा आय-५ व ८ जीबी रॅम यांची शिफारस होती, आपले जुने यंत्र तेथे सुखाने नांदेल. ‘सायबरपंक २०७७’ने मात्र २०२३ मध्ये आपल्या किमान अटी वाढविल्या: १२ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. सुदैवाने एसएसडी जुन्या साटा जोडणीवर चालते. तिने चित्रांची संख्या वाढत नाही, पण खेळ उघडण्याची दीर्घ प्रतीक्षा संपते. एका रॅमपट्टीच्या जागी दोन सारख्या पट्ट्या बसविल्या, तर स्मृतीचा मार्गही दुहेरी होतो. कमी खर्चाच्या या दोन सुधारणा प्रथम कराव्यात.

आणि कोठे थांबावयाचे, हेही ठरवून ठेवावे. प्रोसेसरसाठी बोर्ड, बोर्डासाठी रॅम, रॅमपाठोपाठ पॉवर सप्लाय, अशी साखळी सुरू झाली, की तो जीर्णोद्धार राहत नाही. ते नवे बांधकाम होते, आणि त्याचा हिशेब नव्या बांधकामाप्रमाणेच झाला पाहिजे. विंडोज १०ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही, ही गोष्टही त्या हिशेबात धरावी लागते. अशा यंत्रावर लिनक्स घालून धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला ते देता येते.

दुकानापुढे उभ्या असलेल्या त्या पितापुत्रांनी बाजारात येण्यापूर्वी घरी एक संध्याकाळ काढून पेटी उघडली, सॉकेट, रॅमची जात, पॉवर सप्लायची ओळ आणि रिकाम्या जागेचे माप एका कागदावर उतरवले, तर खरेदीचे अर्धे काम तेथेच होते. मुलाला आपल्या यंत्राची ओळख होते, वडिलांना खर्चाची मर्यादा कळते; आणि दुकानदाराने कितीही चकचकीत खोके पुढे केले, तरी दोघांची नजर प्रथम हातातल्या कागदाकडे जाते.