कुलूपबंद कपाट आणि बोलके यंत्र

(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेचे ग्रंथालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुख्याध्यापकांच्या खोलीतील लोखंडी कपाट उभे राहते. त्याला कुलूप असते, किल्ली एखाद्या शिक्षकाच्या खिशात असते, आणि त्या शिक्षकावर अध्यापनाखेरीज पोषण आहाराचा हिशेब, माहितीचे तक्ते आणि निवडणुकीची कामे यांचाही भार असतो. कपाट उघडत नाही, ते त्या शिक्षकाला वाचनाचा तिटकारा आहे म्हणून नव्हे. दाखल नोंदवहीत जेवढी पुस्तके लिहिली आहेत तेवढी तपासणीच्या दिवशी दिसली पाहिजेत, न दिसल्यास जाब त्यालाच द्यावा लागणार, ही भीती त्यामागे असते. पुस्तक वाचले गेले नाही म्हणून मात्र आजवर कोणी कोणाला जाब विचारलेला नाही. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळदंडांनी फळ्यांना बांधून ठेवीत. ग्रंथ हे वापरासाठीच आहेत, हे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच सूत्रांतील पहिले सूत्र म्हणून मांडले. साखळदंड गेले, कुलूप राहिले.

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांवरील पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय आवश्यक ठरविले. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. तरतूद आहे, कपाट आहे. नाही तो माणूस. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेचा ग्रंथपाल पूर्णवेळ असावा की अर्धवेळ, हे पटसंख्येवर ठरते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हे पदच नाही. ज्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, त्या घरातले मूल याच शाळेत येते. म्हणजे ज्याला ग्रंथपालाची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला तो नाही.

या पोकळीत आता नवे तंत्रज्ञान येऊ पाहत आहे. डिसेंबर २००४ मध्ये शाळांत संगणक पोहोचविण्याची केंद्राची योजना सुरू झाली. अनेक ठिकाणी ते संगणक धूळ बसू नये म्हणून कापडाखाली झाकले गेले आणि कपाटाचेच धाकटे भाऊ झाले. पुढे २०१७ मध्ये ‘दीक्षा’ आले, २०१८ मध्ये राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय राष्ट्राला अर्पण झाले, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात मुलांसाठी स्वतंत्र डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले, तेव्हापासून तर प्रश्न विचारताच सुबक उत्तर लिहून देणारे यंत्रच हाती आले आहे. तेव्हा कपाटाची कटकट हवीच कशाला, असा सूर निघू लागला आहे. त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे.

समजा, सातवीतल्या एका मुलीला १९७२ च्या दुष्काळात आपल्या गावात काय घडले हे जाणून घ्यायचे आहे. यंत्र तिला राज्याच्या दुष्काळाचा गुळगुळीत सारांश देईल, रोजगार हमीचा उल्लेख करील. गावाविषयी मात्र त्याच्यापाशी काही नसेल, कारण त्या गावाविषयी कोणी लिहूनच ठेवलेले नाही. आणि ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याऐवजी ते कित्येकदा काहीतरी रचून सांगते. हीच मुलगी चांगल्या ग्रंथालयात गेली तर तिच्यापुढे विश्वकोशातील नोंद येईल, जिल्ह्याचे गॅझेटियर येईल, एखादे दलित आत्मकथन येईल. आकड्यांत मांडलेला दुष्काळ आणि गावकुसाबाहेर भोगलेला दुष्काळ यांत अंतर का आहे, असा प्रश्न तिला पडेल. ग्रंथपाल जाणता असेल तर तो तिला वही घेऊन आजीकडे पाठवील. खडी फोडण्याचे काम, त्या वेळी मिळालेली सुकडी, गाव सोडून गेलेली माणसे, हे सारे आजी सांगेल. ती वही मग ग्रंथालयाच्या नोंदवहीत क्रमांक मिळवून फळीवर बसेल. यंत्र जे लिहिले गेले आहे त्यावर पोसलेले असते. ज्यांच्याविषयी कधी लिहिलेच गेले नाही, त्यांची साक्ष नोंदविण्याचे काम त्याच्या हातून व्हायचे नाही; शाळेच्या ग्रंथालयाच्या हातून ते होऊ शकते.

याचा अर्थ यंत्राला शाळेबाहेर उभे करावे असा नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’मुळे अंध विद्यार्थ्याला पूर्वी स्वप्नवत वाटावी इतकी पुस्तके वाचता येऊ लागली, ही सामान्य गोष्ट नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याच्या जाडजूड खंडांना ज्या शाळेत जागा नव्हती, तिथेही तो आता पडद्यावर विनामूल्य वाचता येतो. ‘कोहा’सारखी मुक्त प्रणाली कोणत्याही कंपनीला परवाना शुल्क न देता देवघेवीची नोंद ठेवते. पण पडदा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न उरतोच. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरातला एकुलता मोबाइल बापाबरोबर कामावर जात होता आणि शिक्षण संध्याकाळची वाट पाहत होते. कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० नंतर बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांत पाठविली. त्या काळी तेच नवे तंत्र होते. मात्र पेटीबरोबर व्यवस्था होती, आणि ती उभारण्यासाठी बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल मुद्दाम आणवलेला होता. आज पेटी येते. माणूस येत नाही.

शासनाने ग्रंथपालांची पदे भरावीत ही मागणी जुनीच आहे आणि ती सोडता कामा नये. तोवर दोन गोष्टी खर्चाविना होऊ शकतात. वर्षाकाठी शंभरातली पाच-सात पुस्तके फाटली वा हरवली तर ती चौकशीविना निर्लेखित करण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला लेखी मिळावा. शिक्षकाच्या खिशातली किल्ली त्याखेरीज बाहेर येणार नाही. दुसरी गोष्ट एप्रिलअखेरीची. मुलांना वेळ मिळतो नेमक्या त्याच दिवसांत सारी पुस्तके जमा करून कपाटाला मोहोर लावण्याची रूढी आहे. ती मोडावी, सुटी लागण्याच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हाती दोन पुस्तके द्यावीत, आणि परतीची तारीख जून महिन्यातली लिहावी.