रँग्लरांची खुर्ची आणि जालन्याचा पदवीधर

जालन्यात उभे राहून रँग्लर परांजप्यांवर बोलायचे तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात आपले गाव त्यांच्या मुंबई इलाख्यात नव्हते. इथे निजामाचा अंमल. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण तिथे शिकवायचे उर्दूतून. मराठी घरातल्या मुलाने आधी लिपी गिरवायची, मग शास्त्र.

तिकडे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा रघुनाथ परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत अव्वल येऊन पहिला भारतीय सीनियर रँग्लर झाला. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी दारात चालून आली असती. ते पुण्यात फर्ग्युसनमध्ये आले आणि १९०२ पासून दोन दशके तिथले प्राचार्य राहिले. लोकांना त्यांचे गणित आठवते; मला त्यांचा कारभार अधिक मोलाचा वाटतो. वेळापत्रक, वसतिगृह, शिल्लक, नेमणुका, या रोजच्या कटकटींतून माणूस जे शिकतो ते परीक्षेत येत नाही. १९१६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा पहिले कुलगुरूही हेच.

असा माणूस मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेला आणि १९२१ मध्ये इलाख्याचा शिक्षणमंत्री झाला. त्यांच्याच कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. मास्तर, जागा आणि पैसा यांचा मेळ बसला नाही तर शाळा चालत नाही, हे त्यांना कुणी टिपणी लिहून सांगावे लागले नसणार. पुढे लखनौचे कुलगुरुपद आणि १९५६ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, पुणे विद्यापीठाचे. सभागृहातून पुन्हा विद्यापीठात!

आपल्याकडे हे सगळे उशिरा आले. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चे. जालन्याचे जेईएस महाविद्यालयही त्याच वर्षीचे. पण शिकलेल्यांनी आपला माणूस सभागृहात पाठवायची वाट आज आपल्यालाही आहे: विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांनी निवडायच्या आहेत आणि आपली एक जागा मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची मिळून. मात्र पदवीधर मतदारांची यादी विधानसभेच्या यादीसारखी आपोआप पुढे चालत नाही. दर निवडणुकीला ती कोऱ्या पानापासून होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून निर्धास्त राहिलेले कितीतरी पदवीधर मतदानाच्या दिवशी परत फिरतात, याचे मला फार वाईट वाटते. नमुना १८ चा अर्ज, पदवीची साक्षांकित प्रत, आणि १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावीत, एवढेच लागते.

मतदानाला बटण नाही. कागदी मतपत्रिका मिळते आणि केंद्रावरच जांभळ्या शाईचे पेन देतात; खिशातले चालत नाही. उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीक्रमाचे आकडे घालायचे. १ कुठेच नसेल तर मत बाद. वैध मतांच्या निम्मे अधिक एक, एवढा कोटा गाठेपर्यंत खालच्या उमेदवारांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटत जातात, कधी रात्रभर. रँग्लरांनी ती मोजणी उभ्याने पाहिली असती.