वाळूतील ओलावा आणि नियंत्रण-आलेख

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या निर्मितीबरोबर वाढलेला ओतकामाचा व्यवसाय पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत पसरला, आणि वाहन कंपन्यांना कास्टिंग्ज पुरवू लागल्यावर मालाबरोबर प्रक्रियेच्या नोंदी दाखवणेही फौंड्रीला भाग पडले. नियंत्रण-आलेख, म्हणजे प्रक्रियेची मापे क्रमाने बिंदूंनी मांडून त्यांची सरासरी व सीमा दाखवणारा आलेख, फौंड्रीत आला तो बहुधा या मागणीमुळे. त्यामुळे तो ग्राहकासाठी भरावयाचा कागद आहे, असा समज रुजला, आणि हा समज नुकसानकारक आहे.

हा आलेख वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने मे १९२४ मध्ये, टेलिफोन-साहित्य बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना मांडला. पुढे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. कोणत्याही प्रक्रियेत चढउतार असतोच. त्यातला काही असंख्य बारीक कारणांचा मिळून झालेला, म्हणजे सामान्य, असतो आणि काही एखाद्या शोधून काढता येण्याजोग्या, म्हणजे विशेष, कारणाचा असतो, हा भेद शूहार्ट यांच्या विचाराचा गाभा होय.

ग्रीन सँडचे, म्हणजे बेंटोनाइट व पाणी मिसळलेल्या वाळूचे, उदाहरण घ्यावे. ओलावा वाढला की ओतताना वाफ कोंडून कास्टिंगमध्ये ब्लोहोल पडतात, आणि घटला की साच्याच्या कडा ढासळून वाळू धातूत मिसळते. समजा, बऱ्याच मापांची सरासरी ३.५ टक्के आणि लागोपाठच्या दोन मापांमधील फरकांची सरासरी ०.१५ आली, तर या फरकाला २.६६ ने गुणून येणारे सुमारे ०.४ हे अंतर सरासरीच्या दोन्ही बाजूंना घेतले जाते आणि ३.१ व ३.९ या नियंत्रण-सीमा ठरतात. त्या प्रक्रियेच्या स्वतःच्या वागण्यातून निघतात, ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून नव्हे. ड्रॉइंगवरची मर्यादाच आलेखावर आखणे ही फार ठिकाणी दिसणारी चूक आहे. (तीच वाळू फिरून परत येत असल्याने फार जवळजवळ घेतलेली मापे एकमेकांवर अवलंबून असतात आणि सीमा खोट्या अरुंद येतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.)

आता माप ३.७ आले तर मिक्सरवरचा कामगार पाणी कमी करतो, पुढचे ३.३ आले की वाढवतो, आणि पर्यवेक्षकाला ही दक्षता वाटते. वास्तविक दोन्ही मापे सीमेच्या आत, म्हणजे सामान्य चढउताराची आहेत. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या मापांत प्रत्येक विचलन असे उलट्या दिशेने पुरते भरून काढले, तर प्रसरण, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, दुप्पट होते, हे गणिताने दाखवता येते. याउलट एखादा बिंदू सीमेबाहेर गेला, किंवा लागोपाठ आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर थांबून कारण शोधायला हवे: पावसाळ्यात उघड्यावर भिजलेली नवी वाळू, पुरेशी न निवता मिक्सरमध्ये परतलेली गरम वाळू, किंवा बिघडलेला पाण्याचा व्हॉल्व्ह. सीमेत राहिलेली प्रक्रियाही ग्राहकाच्या मर्यादेत बसत नसेल, तर कामगाराला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे यंत्रणा बदलणे हे मालकाचे काम ठरते.

म्हणून आलेख गुणवत्ता विभागाच्या फायलीत न ठेवता मिक्सरशेजारी टांगावा, त्यावरचा बिंदू माप घेणाऱ्यानेच त्याच वेळी काढावा, आणि बिंदू सीमेबाहेर गेल्यास यंत्र थांबवण्याचा अधिकारही त्यालाच द्यावा.